दोन्ही गुडघ्यांत चंद्रकोरीच्या जागी चकती: डिस्कॉइड मेनिस्कस असलेल्या मुलाला सांभाळताना

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या डाव्या गुडघ्यातून आवाज यायला लागला. बोटं मोडल्यावर येतो तसा नाही. कपाटाचं जड दार बसताना होतो तसा, खोल ‘खट्ट’. मी घरी ब्लाउज शिवते. मशीन थांबवलं की पलीकडच्या खोलीतून तो आवाज मला ऐकू यायचा. तिला दुखत नव्हतं, मैत्रिणींना ती आवाज काढूनही दाखवायची. म्हणून आम्ही वर्षभर काही केलं नाही. मग एक दिवस माझं लक्ष जिन्याच्या भिंतीकडे गेलं. चुन्याच्या भिंतीवर तिच्या कमरेच्या उंचीला हाताचा मळका पट्टा उमटला होता. पोरगी कितीतरी दिवस भिंतीला धरून, आडवी होऊन एकेक पायरी उतरत होती. बोलली नाही, कारण ती खो-खो खेळते आणि दुखतंय म्हटलं की खेळ बंद होईल ही भीती.

आज ती तेरा वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांत बाहेरच्या बाजूची गादी जन्मापासून वेगळ्या आकाराची आहे. डाव्याचं ऑपरेशन झालं, उजव्याला कुणी हात लावलेला नाही. या चार वर्षांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि घरी काय बघायचं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमचं एक वर्ष वाचलं असतं.

नेमकं आहे काय

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. यांनाच मेनिस्कस म्हणतात. वरून बघितलं तर चंद्रकोरीसारख्या, कडेला जाड आणि आत पातळ होत गेलेल्या. शरीराचा भार हाडाच्या मोठ्या भागावर पसरवायचा, धक्का सोसायचा, हे त्यांचं काम. काही मुलांमध्ये बाहेरच्या बाजूची गादी चंद्रकोरीऐवजी भरीव चकतीसारखी असते. मध्ये मोकळी जागा नाही, जाडीही जास्त. हाच डिस्कॉइड मेनिस्कस. आतल्या बाजूच्या गादीत हा प्रकार फारच क्वचित दिसतो.

हे कुणाच्या चुकीने होत नाही. माझ्या सासूबाईंनी मला गरोदरपणात जिना चढल्याची आठवण करून दिली होती, म्हणून मुद्दाम लिहिते. पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं की गर्भात सगळ्यांचीच गादी आधी चकतीसारखी असते आणि मधला भाग विरघळायचा राहून गेला की असं होतं. पुढे अभ्यासातून दिसलं की गर्भाच्या वाढीत गादी कुठल्याच टप्प्यावर चकतीसारखी नसते. म्हणजे ही मुळातच वेगळी घडण आहे. जपान आणि कोरियात ही जास्त आढळते, युरोप-अमेरिकेत कमी. एका गुडघ्यात सापडली तर दुसऱ्यातही असण्याची शक्यता बरीच असते.

जपानचं नाव या विषयात पुन्हा पुन्हा येतं. 1918 साली तोक्योत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. क्षयाने आखडलेल्या गुडघ्यांचा प्रश्न त्यांच्यासमोर होता, आणि जमिनीवर बसून जगणाऱ्या लोकांना न वाकणारा गुडघा म्हणजे केवढी अडचण! हे वाचल्यावर मला ते अगदी आपल्याकडचे वाटले. पाट, पंगत, मांडी घालून पूजा, उकिडवं बसून भांडी, आपलंही सगळं आयुष्य जमिनीवरच. त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी या चकतीचे तीन प्रकार सांगितले आणि डॉक्टर आजही तेच वापरतात. हाड पूर्ण झाकणारी ती पूर्ण चकती, थोडं झाकणारी ती अपूर्ण, आणि तिसरा रिसबर्ग प्रकार. या तिसऱ्यात गादीचा मागचा भाग नडगीच्या हाडाला नीट बांधलेलाच नसतो, म्हणून ती सरकते आणि खटका वाजतो. रिपोर्टवर हे शब्द दिसले तर घाबरू नका, पण तिसरा प्रकार असेल तर ‘बांधणी’बद्दल विचारायचं हे लक्षात ठेवा.

घरी काय बघायचं

नुसता आवाज आणि बाकी काही नाही, तर घाई नाही. एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून ठेवायचं, बस्स. चकती असूनही आयुष्यभर काही त्रास न झालेली माणसं पुष्कळ असतात.

पण गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, खेळून आल्यावर वाटीभोवती सूज दिसत असेल, चालता चालता पाय ‘सुटत’ असेल, बाहेरच्या बाजूला सांध्याच्या फटीवर बोट दाबल्यावर मूल कळवळत असेल, तर महिनाभर वाट बघू नका. गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकला आणि सरळच होईना, तर त्याच दिवशी निघा. ओढून सरळ करायला जाऊ नका. आमच्याकडे एका नातेवाइकाने तेल लावून झटका द्यायची तयारी केली होती. मी मुलीला उचलून बाहेर घेऊन गेले म्हणून ते टळलं. अडकलेला गुडघा म्हणजे बहुतेक वेळा मध्ये गादीचा फाटलेला किंवा सरकलेला भाग असतो. झटक्याने तो आणखी फाटतो.

आणखी एक. लहान मुलांचं खुब्याचं दुखणंही गुडघ्यात जाणवतं. मूल गुडघ्यावर हात ठेवतं आणि बिघाड असतो खुब्यात. म्हणून तपासताना डॉक्टरांनी खुबा हलवून बघितला का, याकडे लक्ष ठेवा. नसेल बघितला तर नम्रपणे विचारा. ताप असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, वजन उतरत असेल, तर तो विषय चकतीचा नाही. तिथे दिवस घालवू नका.

घरची एक तपासणी फिजिओंनी मला शिकवली. मुलाला पलंगावर पालथं झोपवायचं, गुडघ्याच्या वाटीपासून खालचा पाय पलंगाबाहेर लटकू द्यायचा. पाय सैल सोडले की दोन्ही टाचा एका पातळीत दिसायला हव्यात. जी टाच वर राहते तो गुडघा पूर्ण सरळ होत नाही. पण दोन्ही गुडघ्यांत चकती असलेल्या मुलांत ही तपासणी फसवते, आणि हे मला उशिरा कळलं. दोन्ही गुडघे सारखेच अडत असतील तर दोन्ही टाचा सारख्याच वर राहतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. एक गुडघा बिघडला तर दुसरा नमुना म्हणून धरायचा, ही आपली आणि डॉक्टरांचीही सवय. इथे तो नमुनाच खरा नाही. म्हणून डाव्याची तुलना उजव्याशी करायची नाही. डाव्याची तुलना डाव्याच्याच मागच्या महिन्याशी करायची.

दोन गुडघे, दोन वह्या

यासाठी मी दोन वह्या केल्या. गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या लांबट वह्या असतात तसल्याच. एकीवर ‘डावा’, दुसरीवर ‘उजवा’. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, खेळायच्या आधी मापं घ्यायची. वेळ दर महिन्याला तीच हवी, कारण खेळून आलेल्या गुडघ्याला सूज असते आणि माप बदलतं.

काय लिहायचं तेही सांगते. पहिलं, मांडीचा घेर. वाटीच्या वरच्या कडेपासून वर 10 सें.मी. मोजून पेनाने खूण करायची आणि तिथे टेप गुंडाळायची. पाय सरळ, स्नायू सैल. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे, ब्लाउजच्या दंडाचं माप घेतो तशी. दुखणारा पाय मूल नकळत कमी वापरतं आणि मांडीचा स्नायू उतरायला लागतो. तोंडाने मूल खोटं बोलेल, टेप बोलत नाही. माझ्या मुलीच्या डाव्या मांडीचा घेर दोन महिन्यांत दीड सेंटीमीटरने उतरला तेव्हाच मी हट्टाने पुन्हा डॉक्टर गाठले. दुसरं, पाय लांब करून बसवायचं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा मागे पूर्ण सरळ होतो का ते बघायचं. तिसरं, त्या महिन्यात कितीदा अडकला, कितीदा सुजला, काय करताना. ‘जिना उतरताना’, ‘खो-खोच्या चौकोनातून उठताना’, ‘देवळात मांडी घालून बसल्यावर’ असं स्पष्ट लिहायचं. ‘खूप दुखलं’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही.

मुलालाच लिहायला द्या. माझ्या मुलीने लपवणं सोडलं ते वही तिच्या हातात आल्यावर. आई विचारते तेव्हा चौकशी वाटते, स्वतः लिहिलं की ती तिची नोंद होते.

डॉक्टर आणि एमआरआय

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी ‘वाढीचं दुखणं आहे’ म्हणून कॅल्शियम दिलं आणि सहा महिने तेच चाललं. वाढीचं दुखणं खरंच असतं, पण ते बहुतेक संध्याकाळी-रात्री, दोन्ही पायांत, आणि सकाळी मूल परत उड्या मारतं. खटका, अडकणं, सूज हे वाढीच्या दुखण्यात बसत नाही.

हाडांच्या डॉक्टरांतही गुडघ्याचं दुर्बिणीचं काम नेहमी करणारे, त्यातही लहान मुलांचे गुडघे बघितलेले, असे शोधा. आधी साधा एक्स-रे काढतात. त्यात गादी दिसत नाही, पण बाहेरच्या बाजूची फट रुंद दिसणं, मांडीच्या हाडाचं गोल टोक चौकोनी वाटणं, अशा खुणांवरून जाणकाराला शंका येते. एक्स-रे अगदी नॉर्मल आला तरी चकती असू शकते.

खरं चित्र एमआरआयमध्ये दिसतं. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात, त्यामुळे मुलाला त्याचं भय नाही. अडचण ती स्वस्थ पडून राहण्याची. एका गुडघ्याला अर्धा तास धरून चाला. मशीनचा आवाज हातोडा मारल्यासारखा येतो. आम्ही घरी आठवडाभर सराव केला. जमिनीवर सतरंजी, शेजारी मी शिलाई मशीन चालवणार, आणि तिने वीस मिनिटं पाय हलवायचा नाही. त्या दिवशी पैंजण, कानातले, केसांच्या पिना घरीच काढून ठेवा. आमच्या आधी नंबर असलेल्या एका मुलीच्या पायातलं चांदीचं वाळं निघेना आणि अर्धा तास साबण लावण्यात गेला.

रिपोर्टमध्ये आकडे असतात, ते असे वाचायचे. मशीन गुडघ्याचे पावासारखे काप काढतं. 5 मि.मी. जाडीच्या कापांत, बाजूने बघताना, गादीचा पुढचा आणि मागचा भाग तीन किंवा जास्त सलग कापांत एकमेकांना जोडलेला दिसला तर ती चकती समजतात. चंद्रकोर असती तर एक-दोन कापांनंतर मधला भाग तुटून दोन वेगळे त्रिकोण दिसले असते. समोरून बघताना गादीची मधली रुंदी 15 मि.मी.पेक्षा जास्त भरली तरी तेच. नेहमीची गादी साधारण 10 ते 12 मि.मी. असते. आणि हे महत्त्वाचं: मुलांच्या गादीत रक्तपुरवठा मोठ्यांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे कधी कधी फाटल्यासारखी पांढरी रेघ दिसते पण फाटलेलं काही नसतं. नुसता रिपोर्ट वाचून कुणी ऑपरेशन ठरवत असेल तर थांबा. फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्टचा कागद नको असतो, चित्रं हवी असतात.

न दुखणाऱ्या गुडघ्याचाही एमआरआय करायचा का? सरसकट नाही. आमच्या डॉक्टरांनी उजवा गुडघा हाताने वाकवून-सरळ करून पाहिला, त्यांना शेवटच्या टप्प्यात हलका खटका लागला, म्हणून त्याचाही करायला सांगितला. तिथे चकती निघाली, फाटलेली नव्हती. त्या दिवशी मी खूप रडले. एकाचं दुःख घेऊन गेले आणि दोघांचं घेऊन आले असं वाटलं. आता कळतं की उजव्याचं ते चित्र आमच्याकडे आहे हे केवढं बरं झालं. पुढे काही बदललं तर कशाशी ताडायचं ते हातात आहे.

कापायचं का, आणि किती

या भागासाठीच मी हे लिहायला घेतलं.

एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट बघून पाच मिनिटांत सांगितलं: दोन्ही गाद्या काढून टाकू, एकाच वेळी, पोरगी महिन्यात पळेल. आम्ही तारीखही घेतली होती. घरी येताना एसटीत माझ्या मनात एकच घोळत होतं. उजवा तर दुखतच नाही. त्याने काय केलंय?

तारीख रद्द करून आम्ही मिरजेला दुसरा सल्ला घेतला. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर गुडघा काढून समजावलं. पूर्वी सगळी गादी काढून टाकत असत. 1948 साली फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जननी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून दाखवलं की सांध्याची फट अरुंद होते, हाड चपटं होतं, कडेला हाड वाढतं. म्हणजे झीज लवकर येते. आज दहा वर्षांच्या मुलीची पूर्ण गादी काढली तर ती तिशी-पस्तिशीत कुठल्या गुडघ्यावर उभी राहील? म्हणून आता दुर्बिणीतून चकतीचा मधला जादा भाग कोरून काढतात आणि कडेची चंद्रकोर ठेवतात. याला सॉसरायझेशन म्हणतात. कडेला साधारण 6 ते 8 मि.मी.चा पट्टा राखतात. राखलेला पट्टा हलत असेल, बांधणी सैल असेल, तर टाके घालून तो बाजूच्या पडद्याला बसवतात.

मला हे एका क्षणात समजलं. ब्लाउजचा गळा आपण असाच काढतो. आधी लहानच कापायचा, कारण गळा मोठा करता येतो, लहान करता येत नाही. आणि कडेला शिलाईसाठी माया सोडायची. माया कमी पडली की शिवण उसवते. मी त्यांना तसंच विचारलं, “डॉक्टर, माया किती ठेवणार?” ते हसले नाहीत. म्हणाले, “जेवढी ठेवता येईल तेवढी, आणि उसवणारी असली तर टाके घालून.” तिथे माझा निर्णय झाला.

तुम्ही हे प्रश्न लिहून न्या. कडेचा पट्टा किती ठेवणार? आत गेल्यावर तो सैल निघाला तर टाके घालायची तयारी आहे का? टाके पडले तर पायावर भार कधी द्यायचा आणि न पडले तर कधी, कारण दोन्हीत आठवड्यांचा फरक पडतो. मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे तिथलं गुळगुळीत आवरण, तपासणार का? चकतीबरोबर तिथे हाडाचा तुकडा सैल होण्याचा प्रकारही आढळतो. आणि दोन्ही गुडघे दुखत असले तरी एकदम करायचे की एकेक? एकदम केले तर कुबडीवर उभं राहायला एकही चांगला पाय उरत नाही. मुलाला शौचाला नेणारं घरी कोण आहे, हा विचार आधी करा. न दुखणाऱ्या, न अडकणाऱ्या गुडघ्यातली चकती फक्त रिपोर्टमध्ये आहे म्हणून काढायची नसते. एवढं एक वाक्य मला त्या पहिल्या दिवशी ठाऊक असायला हवं होतं.

पैशांचं थोडक्यात. विमा असेल तर पॉलिसीत ‘जन्मजात दोष’ या कलमाखाली बाहेरून दिसणारा आणि आतला असे दोन प्रकार असतात. गादी शरीराच्या आत आहे, तेव्हा आतल्याचा नियम वाचा, प्रतीक्षा काळ बघा, आणि तारीख घेण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. जन्मजात हा शब्द लपवू नका. लपवलं की नंतर सगळाच दावा अडकतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेचं नेमकं नाव सांगून विचारा.

ऑपरेशननंतरचे महिने

दोन-तीन बारीक छिद्रं, वर पट्टी, दुसऱ्या दिवशी घरी. बाहेरून एवढंच दिसतं, म्हणून पाहुण्यांना वाटतं किरकोळ होतं. आत टाके आहेत हे घरातल्यांनी विसरायचं नाही. आमच्याकडे दोन टाके पडले, म्हणून सहा आठवडे पट्टा, म्हणजे नी ब्रेस, चालताना पूर्ण सरळ कुलूप लावून. तेवढे दिवस 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचं नाही. टाके न पडलेल्या मुलांना बरंच लवकर मोकळं करतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कागद फ्रिजवर लावा आणि तोच पाळा, माझा नाही.

घराची तयारी आधीच करून ठेवा. भारतीय शौचालयावर ठेवायची कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल आणि त्याच्या पायांखाली रबरी चटई. जेवायला खुर्ची. माझी मुलगी पंगतीतून उठून खुर्चीवर बसायला लाजायची, म्हणून ते सहा आठवडे आम्ही चौघंही टेबलावर जेवलो. मोरीचा उंबरा हा सगळ्यात धोक्याचा. कुबड्या तिथेच अडकतात. आम्ही त्याला फळीचा उतार केला.

व्यायाम दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. घोटा वर-खाली हलवणं, दर तासाला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती दाबायची, पाच आकडे धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, तिथेच पाच आकडे, हळू खाली. हे ऐकायला एवढंसं वाटतं. पहिल्या दिवशी तिचा पाय उचललाच जाईना. मांडीचा स्नायू थरथरत होता आणि टाच चादरीवरून हलत नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या मांडीवर तळहात ठेवला, “इथे माझा हात वर ढकल” म्हणाले. चौथ्या दिवशी टाच उठली, चादर आणि टाच यांत एक बोट जाईल एवढी. वहीत ती नोंद आहे: ‘एक बोट’.

फिजिओ बुडवू नका. ऑपरेशन एका तासाचं, पुढचं काम चार-सहा महिन्यांचं. लांब असेल तर आठवड्याला एकदा जा आणि घरी करण्याचे व्यायाम मोबाइलवर चित्रित करून आणा. दुखणं आणि ताण यांतला फरक मुलाला शिकवा. स्नायू ओढल्यासारखा वाटला तर चालेल, सांध्याच्या फटीत टोचलं तर थांबायचं. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. ताप, छिद्रातून पाणी किंवा पू, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, यांतलं काहीही झालं तर रात्र असली तरी फोन करा.

चौथ्या महिन्यात ती सपाट मैदानावर हळू पळायला लागली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी खेळायला सांगितलं, पण खो-खोबद्दल आम्ही वेगळं विचारलं. नुसतं ‘खेळ’ म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर धावणं येतं. खो-खोत आठ जण चौकोनात उकिडवे बसतात, ‘खो’ मिळाला की त्याच बैठकीतून उसळी घेऊन उठायचं. तुमचं मूल लंगडी, कबड्डी, भरतनाट्यम् जे करत असेल, त्यातली नेमकी हालचाल डॉक्टरांसमोर करून दाखवा. आमच्याकडे ठरलं की वर्ष होईपर्यंत चौकोनात बसायचं नाही. तिच्या सरांनी सरावात तिला फक्त बचावाची पळती ठेवली, खांबाभोवतीचं वळण कमी केलं. शाळेला मी डॉक्टरांचं पत्र दिलं होतं. त्यात ‘खेळू नये’ असं मोघम लिहून घेऊ नका. काय चालेल, काय नाही आणि कधीपर्यंत, हे लिहून घ्या. जमिनीवर बसणारा वर्ग असेल तर बाक, आणि परीक्षेचा नंबर तळमजल्यावर, हेही त्यातच.

राहिलेला गुडघा

डावा बरा झाला की घरातले सगळे उजव्याला विसरतात. खरं तर ऑपरेशननंतरचे महिने उजव्यावरच सगळा भार असतो. आम्ही त्या काळात उजव्या मांडीचेही तेच व्यायाम ठेवले. बसताना एकाच पायावर रेलायचं नाही, एका पायाने लंगडत लांब जायचं नाही.

उजवा आज दोन वर्षं तसाच आहे. हलका खटका आहे, दुखत नाही, सूज नाही. डॉक्टर वर्षातून एकदा बघतात आणि डाव्याचाही आढावा घेतात, कारण राखलेली गादीही पुढे फाटू शकते आणि काहींना पुन्हा आत जावं लागतं. हे आम्हाला आधीच सांगितलं होतं, म्हणून भीती कमी आहे. तिचं वजन आम्ही सांभाळतो. उकिडवं बसून तासभर भांडी घासणं, दाणे निवडणं अशी कामं तिला देत नाही, धाकट्या भावाला देतो. गुडघ्याची कॅप ऊब देते, आधार वाटतो, पण तिने चकतीचा आकार बदलत नाही. तसंच गोळ्या-पावडरींचं. आकार बदलणारं औषध नाही, तसं कुणी म्हटलं तर पैसे खर्चू नका.

दर जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, आम्ही तपासायला जातो. पिशवीत दोन्ही वह्या, दोन्ही गुडघ्यांच्या सीडी आणि ऑपरेशनचा कागद असतो. त्या कागदावर किती भाग काढला, किती राखला, किती टाके घातले ते लिहिलेलं असतं. डिस्चार्ज घेताना तो मागून घ्याच. नंतर शोधायला गेलं की मिळत नाही. परवाच्या रविवारची नोंद तिने स्वतः केली. डाव्या वहीत: घेर 38, पूर्ण सरळ, सूज नाही, जिना धरून उतरले नाही. उजव्या वहीत: घेर 38, पूर्ण सरळ, खटका दोनदा, दुखलं नाही.